तडजोड टाकी: एक पान, दोन गिऱ्हाइकं

गाव उत्तर गोव्यातलं, एवढंच सांगते. तालुका सांगितला तर नेता कळेल आणि वाडा, म्हणजे गावातली वस्ती, सांगितला तर घर कळेल. ४० मतदारसंघ आणि साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार असलेल्या राज्यात कुणाचं नाव लपवणं म्हणजे सुपानं पाऊस अडवणं. आमच्या कंपनीचा धंदा मात्र नेमका त्यावरच चालायचा.

कंपनी पणजीत, अठरा जून रस्त्याच्या एका आडगल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. पाटीवर ‘जनसंपर्क आणि संकट व्यवस्थापन’. आम्ही नऊ जण. मालकांना आम्ही सर म्हणायचो. ते आधी पत्रकार, मग एका मंत्र्याचे ओएसडी (विशेष कार्य अधिकारी), आणि ते पद गेल्यावर आमचे सर. मी मराठी विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी आणि डिचोलीहून रोज बसनं येणारी एक शिकाऊ मुलगी.

गिऱ्हाइकं दोन जातींची. एक, एका नेत्याचं कार्यालय. तिथून महिन्याची ठरलेली रक्कम यायची आणि त्यात फेसबुकचं पान, पत्रकं, वाढदिवसाचे फलक, बाराव्याचे शोकसंदेश असं सगळं यायचं. दुसरे बिल्डर, बहुतेक गोव्याबाहेरचे. या दोघांची ओळख आमच्या ऑफिसात झाली की आधीचीच होती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं मात्र कळत होतं की बिल्डर आमच्याकडे येतो तो आमची इंग्रजी चांगली म्हणून नव्हे. सरांचा फोन वर उचलला जातो म्हणून तो येतो. सरांचं सगळं भांडवल त्यांच्या मोबाइलमधल्या नंबरांत होतं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. गोव्यात पूर्वी असल्या कंपन्यांची कुणाला गरजच नव्हती, कारण वर्तमानपत्रंच खाणमालकांची होती. ‘गोमन्तक’ १९६२ साली चौगुल्यांनी काढला, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ साली धेंपोंनी, १९७० साली ‘नवप्रभा’ही त्यांनीच, आणि १९८७ साली ‘सुनापरान्त’ साळगावकरांनी. त्यातून मोठे संपादक घडले, चांगली पत्रकारिताही झाली, हे नाकारायचं कारण नाही. पण मालकाला आपली बाजू मांडायला बाहेरचा माणूस लागत नव्हता. मग २०१२ साली खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. पैसा जमिनीकडे वळला. जमीन घेणारा दिल्लीचा, हैदराबादचा. त्याच्याकडे पेपर नाही, गावात सोयरा नाही, ग्रामसभेत आपला माणूस नाही. ती पोकळी आमच्यासारख्यांनी भरली, असं माझं वाचन आहे.

या बाहेरच्या माणसाला गोव्यातल्या गावाची भीती वाटते, आणि ती खोटी नव्हे. लोक रस्त्यावर आले म्हणून २००७ साली जमीनवापराचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला दिगंबर कामत सरकारनं सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द करण्याची घोषणा केली. आमचे सर नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत हे दोन्ही प्रसंग रंगवून सांगायचे. फी तिथेच वाढायची.

बुधवार

चवथीला अडीच आठवडे होते. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी एका वाड्यावरच्या सार्वजनिक विहिरीतून लाल पाणी आलं. एका बाईनं कोळसो, म्हणजे पाणी काढायची कळशी, ओढून वर घेतला, मुलाला मोबाइल धरायला लावला आणि पाणी पायरीवर ओतलं. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. त्यात ती एकच वाक्य बोलते: “हें उदक न्हय, च्या!” हे पाणी नव्हे, चहा. दुपारपर्यंत तो व्हिडिओ माझ्या मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही येऊन पडला.

कारण शोधायला तज्ज्ञ लागत नव्हता. विहिरीच्या वर, उतारावर, आमच्या गिऱ्हाइकाचा व्हिलांचा प्रकल्प. डोंगराची कड कापलेली आणि कापलेली माती पावसाआधी हलवायची ती तशीच व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या अंगाला पडलेली. जांभ्याची ही माती पाण्यात मिसळली की तिचा बारीक अंश लवकर तळाशी जात नाही, तासन्‌तास तरंगत राहतो. कुंपणाशी ती अडवायला एक सिमेंटची टाकी बांधली होती, पण रिमझिमीच्या मापाची. आपला पाऊस तासाभरात ती भरून वाहायला लावतो. पाणी व्हाळात गेलं आणि व्हाळाला लागूनच विहीर. जांभा दगड चाळणीसारखा, त्यामुळे बाहेरचं सगळं आत.

त्या दिवशी बिल्डरच्या कंपनीनं दोन गोष्टी करायला हव्या होत्या. माती हलवणं आणि विहीर उपसून देणं. दोन्हींना भाषा लागत नाही. पण दिल्लीहून फोन आला तो साइट इंजिनिअरला नव्हे, आम्हाला.

सरांनी संध्याकाळी बैठक घेतली. आमच्याकडच्या प्रत्येक प्रशिक्षणात टायलेनॉलची गोष्ट सांगितली जायची: १९८२ साल, शिकागो, गोळ्यांत सायनाइड, सात मृत्यू, आणि जॉन्सन अँड जॉन्सननं बाजारातून परत घेतलेल्या सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या. गंमत अशी की ती सांगून झाल्यावर बैठकीत कधीच कुणी ‘मग आपण काय परत घेणार?’ असं विचारत नसे. ‘काय म्हणणार?’ एवढाच प्रश्न असायचा. त्या दिवशीही तोच होता.

इंग्रजी निवेदन आठ वाजता तयार झालं. चार परिच्छेद. सर्व परवानग्या आहेत, पाणी मानकांनुसार आहे, खबरदारी म्हणून प्रकल्पस्थळी ‘सेटलमेंट टँक’ बांधलेली आहे, आणि काही बाह्य शक्ती गावकऱ्यांची दिशाभूल करत आहेत. शेवटचं वाक्य गुरुग्रामच्या कंपनीनं गोव्यातल्या वाड्याला उद्देशून म्हणायचं, हे तिथे बसलेल्या कुणाला खटकलं नाही. मलाही नाही, कारण मी तिथे नव्हते.

माझ्या मुलीला ताप होता. मी सातला निघाले होते. नऊ चाळीसला, म्हापशातल्या एका औषधाच्या दुकानासमोर, शिकाऊ मुलीचा मेसेज आला: “ताई, मराठी झालं. बघता? सर थांबलेत.” मी फाइल उघडली, पहिला परिच्छेद वाचला, बरा होता. अंगठा पाठवला. पिशवीत क्रोसिन टाकली आणि स्कूटरला किक मारली.

शिकाऊ मुलीनं ते भाषांतराच्या यंत्राकडून करून घेतलं होतं. दोष तिचा नाही. रात्री साडेनऊला चार परिच्छेद वीस मिनिटांत मागितले तर अठ्ठावीस वर्षं मराठी लिहिणारी मीसुद्धा काय केलं असतं, सांगता येत नाही. तिनं बरंच हातानं सुधारलंही होतं. पण दुसऱ्या परिच्छेदात ‘सेटलमेंट टँक’चं यंत्रानं केलं होतं ‘तडजोड टाकी’. गाळ खाली बसण्यासाठीची टाकी, पाणीपुरवठ्यातले लोक निवळण टाकी म्हणतात ती, तडजोडीची झाली. शिवाय शेवटच्या ओळीत ‘दिशाभूल’ऐवजी ‘दिशाभुल’.

एवढ्यावर राहिलं असतं तर उपसंपादकांनी दुरुस्त केलं असतं आणि हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण साडेदहाला नेत्याच्या कार्यालयातून फोन आला. लोक विचारताहेत, सकाळी पानावर काहीतरी जायला हवं. सरांनी मुलीला सांगितलं, त्यातलेच मधले दोन परिच्छेद घे, ‘आम्ही’च्या जागी ‘प्रशासन’ घाल, खाली साहेबांचा फोटो लाव.

एका कात्रणाचा पंचनामा

गुरुवारी सकाळी दोन गोष्टी एकाच वेळी बाहेर आल्या. एका मराठी दैनिकात आतल्या पानावर कंपनीचं निवेदन जसंच्या तसं, आणि नेत्याच्या फेसबुक पानावर जनतेला आश्वासन: ‘प्रकल्पस्थळी तडजोड टाकी बांधण्यात आली असून तिची पाहणी करण्यात येईल. काही बाह्य शक्ती गावकऱ्यांची दिशाभुल करत आहेत.’

गावात एक निवृत्त मराठी शिक्षक राहतात. सगळे मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणते. मास्तरांनी पेपरातलं निवेदन कापलं, नातवाकडून फेसबुकचं पान छापून आणवलं आणि दोन्ही एका फुलस्केपवर शेजारी शेजारी चिकटवलं. लाल पेनानं तीन जागी रेघा मारल्या: तडजोड टाकी, दिशाभुल, बाह्य शक्ती. समासात, उत्तरपत्रिका तपासतात त्या अक्षरात, लिहिलं: ‘दोन्ही विद्यार्थ्यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं आहे.’ झेरॉक्स काढून एक प्रत गावच्या पसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानात, कांदे-बटाट्यांच्या टोपल्यांच्या वर लावली. संध्याकाळपर्यंत तिचे फोटो तालुकाभर पोहोचले.

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाचं मर्म त्या फुलस्केपवर आहे. लाल पाण्याची बातमी दोन दिवसांत विझली असती. पावसात विहिरी गढूळ होतात, लोक चार शिव्या घालतात. पण नेता आणि बिल्डर एकाच हातानं लिहितात, हे कुणी आरोप करून सिद्ध झालं नव्हतं. शुद्धलेखनानं सिद्ध झालं. आरोपाला खुलासा देता येतो, दोघांच्या एकाच ऱ्हस्व उकाराला कसला खुलासा देणार?

सरांना हे शुक्रवारीही पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, मराठी कोण एवढं वाचतो, इंग्रजीत कुठे काय आलंय ते बघा. इंग्रजीत खरंच काही आलं नव्हतं. आमच्या ऑफिसात विचार इंग्रजीत व्हायचा, मराठी म्हणजे नंतर चढवायचं झाकण. आणि उत्तरेकडच्या या गावांत माणसं बोलतात कोंकणीत, पण कागदावरचं काही पारखून घ्यायचं असलं की मराठीत वाचतात. देवळाची आमंत्रणं, नाटकाच्या जाहिराती, पंचायतीच्या नोटिसा, सगळं मराठीत. सरांनाही हे ठाऊक होतं, ते स्वतः त्याच भागातले. पण इतकी वर्षं वरच्या मजल्यावर काढली की खालचं ऐकू येत नाही.

मग त्यांनी दोन चाली खेळल्या. एक, पाण्याचा अहवाल. निवेदनात ‘मानकांनुसार’ लिहिलं तेव्हा नमुना घेतलेलाच नव्हता. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. त्या कळशीतलं पाणी डोळ्यांनी बघूनच कुणीही सांगितलं असतं की इथे मोजायची गरज नाही. नमुना घेतला शनिवारी, पाऊस उघडल्यावर. दुसरी चाल टँकर. पाणी कंपनीच्या पैशानं, टँकरवर फलक नेत्याचा. पसऱ्यावर ती झेरॉक्स लटकत असताना हा टँकर त्याच रस्त्यानं वाड्यावर गेला. मी सरांना म्हटलं, निदान फलक तरी नको. ते म्हणाले, “फुकट कोण पाणी देतो?” बायकांनी पाणी भरून घेतलं आणि फलक सोडवून ठेवून घेतला. पुढे तो एका गोठ्यावर पावसाळी आच्छादन म्हणून कामाला आला. चांगल्या प्रतीचा होता, दर मीच ठरवला होता.

रविवारची ग्रामसभा

सरांनी मला पाठवलं, कोण काय बोलतो ते लिहून आण म्हणून. मी गावची नव्हे, म्हणून आत बसायचा प्रश्न नव्हता. खिडकीशी व्हरांड्यात उभी राहिले. पावसाचं पाणी पन्हाळीतून पायाशी पडत होतं.

सरपंचांनी सुरुवातीलाच सांगितलं की विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही. मग कुणीतरी विचारलं, तडजोड टाकी तरी कार्यक्रमपत्रिकेवर आहे काय? सभा हसली. सरपंचही हसले आणि तिथेच त्यांच्या हातून सभा गेली. मास्तर उठले. भाषण केलं नाही. कंपनीचा परिच्छेद वाचला, नेत्याचा परिच्छेद वाचला, पुन्हा कंपनीचा वाचला. मग तीन प्रश्न विचारले. टाकीत तडजोड कुणाची साठवली आहे? बाह्य म्हणजे गावाबाहेरचे, की विहिरीबाहेरचे? आणि पाण्याचा नमुना कुठल्या वारी घेतला?

पहिल्या दोन प्रश्नांना हशा झाला. तिसऱ्याला कुणी हसलं नाही. कंपनीच्या वतीनं आलेला माणूस अहवाल हातात घेऊन बसला होता, त्यानं तारीख बघितली आणि कागद घडी करून खिशात घातला. मागून एक तरुण बाई उठली, व्हिडिओतलीच असावी. म्हणाली, गणपतीला अभिषेक कसल्या पाण्यानं करू ते तेवढं लिहून द्या. नंतर आवाज चढले. ठराव झाला: काम थांबवावं, माती हलवावी, विहीर उपसून द्यावी.

ग्रामसभेच्या ठरावात ताकद किती, यावर वकील दोन बाजूंनी बोलतात. पण नेत्याच्या डोक्यात वकील नव्हता, मतमोजणी होती. २०२२ साली सांत आंद्रेतून वीरेश बोरकर ७६ मतांनी निवडून आले. साखळीत मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचं मताधिक्य ६६६ होतं. एका वाड्यावर तेवढी मतं सहज असतात. सोमवारी नेत्याच्या पानावरची ती पोस्ट गेली आणि ‘मी नेहमीच ग्रामस्थांबरोबर’ अशी नवी आली. ती आम्ही लिहिली नव्हती. कुणीतरी मोबाइलवर घाईत लिहिलेली होती, आणि मराठी चांगलं होतं.

सरांचा राजीनामा न झालेला दिवस

या काळात मी बेल पॉटिंजरबद्दल वाचत होते. लंडनची ही कंपनी मार्गारेट थॅचर यांच्या प्रचारात नाव कमावलेल्या टिम बेल यांनी उभी केली. २०१६ मध्ये तिनं दक्षिण आफ्रिकेतल्या गुप्ता कुटुंबाच्या ओकबे कंपनीचं काम महिना १ लाख पौंडांवर घेतलं. गुप्तांवर राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्याशी असलेल्या संबंधांवरून टीका होत होती. त्यावरून लक्ष हटवायला ‘गोरी मक्तेदारी’ आणि ‘आर्थिक वर्णभेद’ असा प्रचार झाला आणि तो उघडा पडला. ४ सप्टेंबर २०१७ रोजी ब्रिटनमधल्या जनसंपर्क कंपन्यांच्या संस्थेनं कंपनीला सभासदत्वातून काढून टाकलं, १२ सप्टेंबरला कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आठ दिवस.

कुठे ते, कुठे आमचं दुसऱ्या मजल्यावरचं दुकान. पण धंद्याची रचना तीच. सत्तेशी असलेली जवळीक हा तुमचा माल, आणि तो दिसू न देणं ही तुमची सेवा. एरवी ते जमतं. संकटात जमत नाही, कारण संकटात दोन्ही गिऱ्हाइकांचं हित उलट्या दिशांना पळतं. बिल्डरला वेळ हवा होता, नेत्याला बिल्डरपासून अंतर हवं होतं, आणि दोघांच्या वतीनं आम्ही एकच पान लिहीत होतो. चूक भाषांतराची झाली म्हणून ते दिसलं. भाषांतर बिनचूक असतं तर पुढच्या पावसात दुसऱ्या कशानं तरी दिसलं असतं. सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “तू शब्द नीट बघायला हवे होतेस.” तेही खरंच होतं. ब्रिटनमध्ये निदान काढून टाकायला संस्था होती. आपल्याकडे लॉबिंगचा कायदा नाही, असल्या संस्थांचं सभासदत्व ऐच्छिक, आणि आम्ही कशाचेच सभासद नव्हतो.

विहीर शेवटी आम्ही साफ केली नाही, कंपनीच्या मुख्यालयानंही नाही. साइटवरच्या कुडाळच्या इंजिनिअरनं कुणालाही न विचारता मंगळवारी पंप लावला, वाड्यावरचीच चार माणसं मजुरीवर घेतली, विहीर दोनदा उपसली आणि वरची माती टिपरनं हलवली. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्याला कुणीतरी घरी चहाला बोलावलं. आमच्या साप्ताहिक अहवालात हे ‘समुदाय संवाद’ या मथळ्याखाली आमच्या खात्यावर जमा झालं.

काम महिनाभर थांबलं, मग सुरू झालं. त्या वर्षी नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमावरून, एकेका सर्वे नंबरचा झोन ‘चूक दुरुस्ती’ म्हणून बदलण्यावरून, सगळीकडेच वातावरण तापलं होतं. आमचं गाव त्या गोंगाटात मागे पडलं. कंपनीनं आमचं काम काढून मुंबईच्या एका संस्थेला दिलं. नेत्याचं काम सरांच्या मेव्हण्याच्या नावावर चालू राहिलं.

चवथीनंतर मी मास्तरांना भेटायला गेले. मीच ती, हे सांगायला धीर होत नव्हता, पण त्यांनी नाव विचारलं तेव्हा सांगितलं. चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाय, तुझं मराठी चांगलं आहे, मी पूर्वी वाचलंय. त्या रात्री काय झालं?” मी म्हटलं, मुलीला ताप होता. त्यांनी मान हलवली, गणपतीवर फळं बांधतात त्या माटोळीतलं एक तोरिंग पिशवीत घालून दिलं, आणि तो फुलस्केप मागितला तर मात्र दिला नाही.

डिसेंबरात मी नोकरी सोडली. जाण्याआधी ऑगस्टची बिलं तपासायचं काम माझ्याकडेच होतं. ‘मराठी अनुवाद, एक पान’ ही ओळ दोन्ही बिलांत होती, कंपनीच्या आणि कार्यालयाच्याही, एकाच दरानं. दोन्ही बिलांवर मी सही केली. दोन्ही वसूल झाली.